उपजत की कमावलेलं? कॅरॅक्टर शीटवर कशाला किती जागा द्यायची

फासेवाला

आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप रविवारी दुपारी राजारामपुरीत आरपीजी (प्रत्येकानं एक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट पुढे न्यायचे गेम) खेळायला बसतो. आजवर बाहेरचेच गेम चालवले. आता कोल्हापुरात घडणारा एक गेम मी लिहायला घेतलाय. काळ १९१२ च्या आसपासचा, म्हणजे शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं तो. खेळाडूंना घेता येतील अशी पात्रं: तालमीतला पैलवान, उस्तादांकडे शिकणारा गवई, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा चित्रकार, मर्दानी खेळात दांडपट्टा फिरवणारा गडी, हुपरीचा चांदीकाम करणारा कारागीर.

नियम लिहिताना एकाच जागी गाडी अडकलीय, म्हणून हा धागा. उपजत गुण आणि तालमीनं कमावलेलं, ही दोन्ही शीटवर, म्हणजे पात्राचे आकडे लिहायच्या कागदावर, कुठे आणि कशी मांडायची?

माझं मत आधी सांगतो, मग तुम्ही ते ठोकून बघा. उपजत गुण "तू आज किती चांगला आहेस" या आकड्यात धरूच नयेत. "तुला शिकवलं तर किती लवकर धरशील" या आकड्यात धरावेत. आज मैदानात काय होतं ते पूर्णपणे तालमीवर. तिथवर पोचायला किती घाम लागला, तेवढंच उपजत.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीची सवय असलेल्यांना हे उलटं वाटेल. तिथे ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा आकडे पहिल्या मिनिटाला लिहिले जातात आणि पुढे प्रत्येक फाशात मिसळले जातात. पण १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत गोष्ट वेगळी होती. तीन सहा-पैलू फासे टाकायचे, ओळीने जे येईल ते घ्यायचं. लढवय्याची ताकद १५ किंवा जास्त आली, तर त्याचा वार जोरात बसायचा नाही. त्याला अनुभवाचे गुण १० टक्के जास्त मिळायचे. १३-१४ ला ५ टक्के. ६ किंवा कमी असेल तर २० टक्के कपात. वारात ताकद मिसळली ती पुढच्या वर्षीच्या पुरवणीत. म्हणजे या खेळाच्या मुळाशी उपजत गुण हा मुख्यतः शिकण्याचा वेग होता, नंतर तो हळूहळू बाजूला पडला. मला तोच परत आणायचाय.

तुमचे अनुभव, हरकती, दुसऱ्या गेममधले नियम, सगळं हवंय.

गणिती_किडा

वाचतोय, आणि विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून आकडे घेऊनच आलो.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) चपळाई १८ असलेला, पण दबक्या पावलांनी लपून जायला कधीच न शिकलेला गडी वीस-पैलू फाशात +४ मिळवतो. चपळाई १० असलेला, पण रीतसर शिकलेला गडी पहिल्या लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या पायरीला) +२. अवघडपणा १५ धरला, म्हणजे बेरीज निदान १५ हवी, तर पहिल्याची शक्यता ५० टक्के, दुसऱ्याची ४०. शिकलेल्याला न शिकलेल्याच्या बरोबरीला यायला नववी लेव्हल उजाडते, आणि तोवर पहिल्याने चपळाई २० करून घेतलेली असते. मग बरोबरी तेराव्या लेव्हलला. बहुतेक टेबलांवर कॅम्पेन (महिनोन्महिने चालणारी एकच गोष्ट) तिथवर पोचतच नाही. शिकणाऱ्यानं आयुष्यभर पाठलाग करायचा, असंच ते गणित सांगतं. शिकलेल्याचा आकडा दुप्पट धरायची सोय 'रोग' (चोरटा गडी) आणि 'बार्ड' (गाणारा) या पात्रप्रकारांना आहे, पण तो अपवाद.

गर्प्स (१९८६, स्टीव्ह जॅक्सन) हा दुसरा आरपीजी जास्त प्रामाणिक वाटतो. तिथे सगळं गुण मोजून विकत घ्यायचं. चौथ्या आवृत्तीत चपळाईची एक पायरी २० गुणांना, एखाद्या कौशल्याची वरची पायरी ४ गुणांना. न शिकलेलं काम करायचं तर मूळ आकड्यातून ४ ते ६ वजा. शिक्षणाला तिथे खरी किंमत आहे. पण भोक पण तिथेच आहे. चपळाईवर चालणारी पाचापेक्षा जास्त कौशल्यं वाढवायची असतील, तर कौशल्यं सोडून चपळाईच घेणं स्वस्त पडतं. जाणते खेळाडू मग सगळे जन्मजात चपळ होतात.

त्यातच एक सुंदर गोष्ट आहे जी तुझ्या कामाची. टॅलेंट नावाचा वेगळा गुण. एकमेकांशी नातं असलेल्या सहापर्यंत कौशल्यांच्या गटाला ५ गुणांत एक पायरी. ती पायरी त्या सगळ्या कौशल्यांना +१ देते, आणि ती कौशल्यं शिकायचा वेळ दर पायरीला १० टक्के कमी करते. तू जे म्हणतोयस त्याचा अर्धा भाग तिथे आधीच लिहिलेला आहे.

गंगावेस

फासेवाला, माझं लहानपण तालमीत गेलंय. फाशातलं मला कळत नाही, मुलगा खेळतो म्हणून हा धागा बघितला. पण तू लिहिलेल्या त्या सहा आकड्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

ताकद आणि काटकपणा उपजत म्हणून लिहिलंय. अरे, तालमीत सगळ्यात जास्त जे कमावलं जातं ते हेच. दम कुणी आईच्या पोटातनं घेऊन येत नाही. पहाटे उठून जोर-बैठका, हौद्यातली माती खणायची, दोर चढायचा, तेव्हा कुठं दम येतो. चार महिने तालीम सोडली की गेला. मानेची ताकद बघ. नव्या पोराची मान धरली की वाकते. दोन वर्षांनी त्याच पोराच्या मानेला लोंबकळलं तरी हलत नाही.

मग वस्ताद उपजत म्हणून काय बघतात? मी जवळनं बघितलेलं सांगतो. नवं पोरगं आलं की त्याला मातीत उभं करायचं, आणि बोलता बोलता खांद्याला एक धक्का द्यायचा. दंड कुणी बघत नाही. पाय बघायचे. पोरगं सरळ मागं गेलं, तर त्याला शिकवावं लागणार. धक्का आला तसा एक पाय बाजूला टाकून अंग वळवलं, तर वस्ताद काही बोलायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्याची जोड जरा मोठ्या पोराबरोबर लावायचे. आणि दुसरी गोष्ट, एकदा दाखवलेला डाव. एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) दाखवला, दहातली नऊ पोरं हात घालतात, पण डोकं कुठं ठेवायचं ते विसरतात. एखादंच डोकं बरगडीला लावून जातं. न सांगता.

तवा तुझं म्हणणं मला पटतंय. उपजत आहे ते धरण्यात आहे. बाकी सगळी कमाई.

फासेवाला

गंगावेस काका, तुमच्या पोस्टमुळे दोन रकान्यांना नावंच मिळाली. एक "उमज", एक "कमाई". शीटवर हेच छापतो.

मृण्मयी_रंग

मला थोडं वेगळं म्हणायचंय, चित्रकलेच्या बाजूनं.

बाबूराव पेंटर यांना आपण कोल्हापूरकर सरसकट "जन्मजात कलावंत" म्हणतो. कुठल्या कला महाविद्यालयात गेले नाहीत, तरी चित्रं काढली, शिल्पं केली, कॅमेरा स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. हे सगळं खरं. पण त्यांचे वडील मिस्त्रीकाम करणारे, हाताने घडवणारे. घरात हत्यारं, लाकूड, धातू, माती. बरोबरीला चुलतभाऊ आनंदराव, तेही चित्रकार. दोघांनी मिळून पडदे रंगवले, दोघांनी मिळून यंत्रं उघडून बघितली. ज्या वयात इतर मुलं अंगणात खेळत होती, त्या वयात या मुलांचे हात कामाला लागलेले होते. याला उपजत म्हणायचं की कुणी फी न घेता दिलेलं शिक्षण?

दुसरीकडे आबालाल रहिमान. त्यांचाही हात विलक्षण, पण ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रीतसर शिकले आणि मग कोल्हापुरात परत आले. रंकाळ्याची, पंचगंगेची त्यांची निसर्गचित्रं बघताना शिक्षण कुठे संपलं आणि नजर कुठे सुरू झाली ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही. मी चित्रकला शिकवते, रोज मुलांचे हात बघते, तरीही.

म्हणून सुचवते: दोन रकाने पुरणार नाहीत. "उमज" आणि "कमाई" यांच्या मध्ये बालपण हवं. ट्रॅव्हलर नावाचा १९७७ चा गेम आहे, त्यात पात्राचं पूर्वायुष्य फाशांवर खेळूनच काढतात. कुठल्या नोकरीत किती वर्षं गेली, तिथे काय शिकलं, काय गमावलं. पहिल्या आवृत्तीत तर गेम सुरू व्हायच्या आधीच पात्र मरू शकायचं. मरण नको, पण "दहा वर्षांचा होईपर्यंत कुणाच्या घरात, कुणाच्या दुकानात वाढलास" एवढा प्रश्न प्रत्येक खेळाडूला विचारावा, आणि त्यावरून सुरुवातीची कमाई द्यावी.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

मृण्मयीताईंच्या मुद्द्याला जोडूनच, पण मला हे जोर देऊन म्हणायचंय.

बालपणावरून कमाई द्या, जरूर द्या. जन्मावरून उमज देऊ नका. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये वर्षानुवर्षं एल्फ म्हणजे चपळ, ड्वार्फ म्हणजे काटक, अमुक कुळात जन्मला म्हणजे +२ असं चाललं. २०२० मध्ये त्यांनी ते गुण हवे तिथे हलवायची मुभा दिली, आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात हे वाढीव गुण कुळाकडून काढून पूर्वायुष्याकडे दिले. शेतावर राबलास, मठात लिहीत बसलास, पहारा दिलास, त्यावरून गुण. कुणाच्या पोटी आलास त्यावरून नाही. पन्नास वर्षं लागली याला.

तुमचा गेम १९१२ च्या कोल्हापुरात घडतोय. त्याच्या आधी दहा वर्षं, २६ जुलै १९०२ ला, याच संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकरीतल्या निम्म्या जागा राखून ठेवायचा हुकूम निघाला. निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी इथे वसतिगृहं उभी राहिली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. अमक्यांना अक्कल जन्मतःच असते आणि तमक्यांना नसते, हे ज्या राजानं कामातून खोडून काढलं, त्याच्या गावातल्या गेममध्ये "सुताराचा मुलगा, कारागिरीची उमज +१" असा तक्ता मला दिसायला नको. सुताराच्या मुलाला कारागिरीची कमाई मिळू दे, कारण तो त्या भुश्श्यात वाढला. उमज मात्र गाण्याची असू दे की त्याला. तिथूनच गोष्ट सुरू होते.

आणि त्याच कारणासाठी मुलींची पात्रं सगळ्या वाटांवर खुली ठेवा. अडथळे गोष्टीत येऊ देत, शीटवर नकोत.

फासेवाला

अनुमोदन, शब्दाला शब्द. कुळ, जात, घराणं यावरून उमज मिळणार नाही, हे नियमांच्या पहिल्याच पानावर जाईल. उमज खेळाडूनं स्वतः निवडायची, एकाच क्षेत्रातली. फाशावर काढायचीही नाही, कारण एकाला नशिबाने मिळाली आणि दुसऱ्याला नाही, तर दुसरा सहा महिने तोंड पाडून खेळतो.

गणिती_किडा

फाशाबद्दल थोडा विरोध. तीन फाशांवर १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये १. चार टाकून सगळ्यात लहान काढला, तर १२९६ मध्ये २१. एवढ्या दुर्मीळ आकड्याने टेबलावर जो आरडाओरडा होतो, तो विकत घेतलेल्या आकड्याने होत नाही. पण लांब कॅम्पेनमध्ये तुझं बरोबर आहे, तिथे आनंद एका दुपारचा आणि खंत वर्षभराची.

शिकायचा नियम काय ठेवतोयस ते सांग. मी गणित करून देतो.

फासेवाला

मुख्य कल्पना रूनक्वेस्ट या आरपीजीची (१९७८). तिथे जे कौशल्य वापरलं तेच वाढतं, आणि जितकं जास्त येतं तितकं वाढणं अवघड. मी ते एका फाशावर आणलंय.

कमाई ० ते ६. काम करताना दोन फासे टाकून त्यांच्या बेरजेत कमाई मिळवायची. सेशन (एक बैठक) संपल्यावर, वापरलेल्या प्रत्येक कौशल्यासाठी एक सहा-पैलू फासा टाकायचा. फासा सध्याच्या कमाईपेक्षा मोठा आला तर कमाई एकाने वाढते. तुमची उमज ज्या क्षेत्रात आहे तिथे दोन फासे टाकायचे, मोठा धरायचा. जिंकलात की हरलात याचा संबंध नाही. हरलेली कुस्तीही शिकवते.

गणिती_किडा

करून बघितलं, आणि निकाल फार आवडला.

शून्यापासून सहापर्यंत जायला उमज नसलेल्याला सरासरी १४.७ सेशन लागतात, उमज असलेल्याला ९.६. पण त्यातला पहिला टप्पा बघ. शून्यापासून तीनपर्यंत एकाला ३.७, दुसऱ्याला ३.२. जवळजवळ सारखंच. तीनपासून सहापर्यंत मात्र ११ आणि ६.४. म्हणजे तुझ्या नियमात उपजत गुण सुरुवातीला दिसतच नाही, तो वरच्या पायऱ्यांवर उघडा पडतो. आणि शेवटी दोघेही सहावर येतात. छप्पर सारखंच.

शिकण्याचा वेग उपजत असतो याला बाहेरचाही आधार आहे. हेरिटेज नावाच्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या माणसांना, कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन, २० आठवडे ठरवून दिलेला सायकलचा व्यायाम करायला लावला होता. श्वासातून ऑक्सिजन वापरायची क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलीलिटरच्या आसपास वाढली. पण काहींची जवळजवळ वाढलीच नाही, आणि काहींची एक लिटरच्या वर गेली. या फरकातला ४७ टक्क्यांपर्यंतचा वाटा कुटुंबाकडे जातो, असं १९९९ मध्ये त्यांनी मांडलं. सगळ्यांना एकच तालीम, प्रत्येकाच्या अंगी लागली ती वेगवेगळी.

गंगावेस

हे तुझं तीनपर्यंत सारखं आणि पुढं वेगळं, हे कुणा पैलवानानं सांगितल्यासारखं आहे बघ. पहिल्या वर्षी सगळीच पोरं सारखी दिसतात. पट काढायला, घिस्सा मारायला सगळ्यांनाच येतंय. गल्लीतल्या जत्रेत नारळावरची कुस्ती कोणीही मारतो. फरक कळतो तो मोठ्या मैदानात, दोन तयार गडी समोरासमोर आल्यावर. तिथं दोघांचा दम सारखा, वजन सारखं, डाव सारखे. मग कोण आधी ओळखतो ते.

नवखी

मी गेल्या महिन्यातच खेळायला लागले, त्यामुळे कुणी रागावू नका. पण माझ्या डोक्यात एक शंका आहे.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपला वर्षभर कॅम्पेन जमत नाही. परीक्षा, जर्नल, घरी जाणं. आम्ही वन-शॉटच खेळतो, एका संध्याकाळी संपणारे. फासेवाला दादा, तुमच्या नियमात उमज सेशन संपल्यावर कामाला येते. मग माझ्या एका संध्याकाळच्या पात्राला उमज असली काय, नसली काय? मी "गाण्याची उपजत जाण असलेली मुलगी" असं ठरवून बसले आणि तीन तासांत ते एकदाही दिसलं नाही, तर मला ते पात्र माझं वाटणारच नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या +४ मध्ये निदान ते प्रत्येक फाशाला दिसतं तरी.

मृण्मयी_रंग

नवखी, फार मोलाचा प्रश्न विचारलास. रागवायचं काय त्यात.

षड्ज

नवखीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण गाण्यातली एक गोष्ट सांगतो, त्यातून काही निघालं तर बघा.

उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, म्हणजे तुमच्या गेमच्या काळात ते कोल्हापुरातच. तरुणपणी अतिगाण्यानं त्यांचा आवाज बसला. गवयाचा आवाज जाणं म्हणजे उपजत जे होतं तेच जाणं. पुढे आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. त्यांनी त्या नव्या आवाजाला पेलेल अशी गायकी बांधली. लयीशी गुंतलेली, वळणावळणानं जाणारी, पेचदार. आज आपण जयपूर-अत्रौली म्हणून जे ऐकतो, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या वाटेनं गेल्या, ती तिथून आली. देणगी होती तशी राहिली असती, तर ही गायकी झाली असती का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

गेमसाठी दोन गोष्टी यातून दिसतात. एक, उपजत गोष्ट हिरावली जाऊ शकते, आणि तसं होणं हा पात्राचा शेवट असू नये. दुसरी, कमाई एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते. विद्या गळ्यात नव्हती, म्हणून ती वाचली.

शिवाय उपजत जाण मैफलीत कशी दिसते, हे पण सांगतो. शिष्य मागे तंबोऱ्यावर बसलेला असतो. गुरू अशी एक जागा (सुरांचं खास वळण) घेतात जी त्यानं कधी ऐकलेली नाही. पुढच्या आवर्तनात गुरूंनी नुसती मान हलवली की शिष्यानं ती जागा भरायची. काहीजण भरतात. उद्या सकाळी एकटा बसून तीच जागा घ्यायला गेला तर येईलच असं नाही, त्यासाठी पुन्हा महिनाभर घोटावं लागतं. पण त्या क्षणी, समोर चालू असताना, त्याला ती आली.

फासेवाला

षड्ज, तुम्ही उत्तर नाही म्हणत उत्तरच दिलंत. गंगावेस काकांचं "एकदा दाखवलेला डाव" आणि तुमची ही जागा, एकच गोष्ट आहे ही. काल रात्री बसून नियम असा लिहिला:

सेशनमध्ये एकदा, आपल्या उमजेच्या क्षेत्रात, डोळ्यासमोर झालेली गोष्ट लगेच करून दाखवता येते. फासे टाकताना स्वतःच्या कमाईऐवजी ज्यानं ती केली त्याच्या कमाईचा आकडा धरायचा. समोरच्या कसलेल्या मल्लानं तुमच्यावर ढाक हा डाव टाकला, त्याची कमाई ५, तुमची १. त्याच कुस्तीत तुम्ही त्याच्यावर ढाक टाकताना ५ धरणार. सेशन संपलं की ते तुमच्याकडे राहत नाही. राहायला हवं असेल तर तालीम.

नवखी, तुझ्या एका संध्याकाळच्या गाणाऱ्या मुलीला आता एक क्षण नक्की मिळेल, तोही सगळ्या टेबलासमोर. आणि तो कधी वापरायचा हे तू ठरवणार.

षड्ज यांची दुसरी गोष्टही घेतली. दुखापत झाली, आवाज गेला, हात अधू झाला, तर त्या कौशल्याची निम्मी कमाई शेजारच्या कौशल्यात नेता येईल. पैलवानाचा वस्ताद होईल, गवयाचा बंदिशी बांधणारा.

गणिती_किडा

समोरच्याचा आकडा धरायचा, हे मोडायचा प्रयत्न करून बघितला. दुबळ्या विरोधकासमोर त्याचा काही उपयोग नाही, तगड्यासमोर सगळ्यात जास्त. म्हणजे खेळाडू आपणहून मोठ्या जोडीच्या शोधात जाणार. मला तरी यात भोक दिसत नाही.

गंगावेस

एक राहिलंय, आणि ते नसलं तर तुझा गेम खोटा पडेल. खुराक.

तालीम फुकट होत नाही रे. दूध, तूप, बदाम, थंडाई. गरिबाच्या पोराला उमज कितीही असू दे, खुराक नसला तर जोर मारून तो वाळतो. खाशाबा जाधवांचंच बघ. मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला इथं राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. मातीत वाढलेला गडी, तिथं मॅट. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लानं थोडे दिवस शिकवलं, तेवढ्यावर सहावे आले. ही झाली उमज. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पुन्हा पैशांची वणवण. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. तवा १९५२ चं ते कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या पदकात उमज किती, तालीम किती, आणि त्या गहाण टाकलेल्या घराचा वाटा किती? तुझ्या शीटवर तिसरा रकाना पाहिजे.

शाहूपुरी_चौथी_गल्ली

काका, अगदी मनातलं लिहिलंत. हा रकाना नसेल तर गरीब आणि श्रीमंत पात्रात फरक फक्त कपड्यांचा राहील.

फासेवाला

तिसरा रकाना पक्का. नाव "पाठबळ". दर सेशनच्या शेवटी शिकण्याचा फासा टाकायचा असेल तर पाठबळाचा एक ठोकळा खर्च करावा लागेल. ठोकळे गोष्टीतूनच मिळवायचे: दरबारची नेमणूक, एखाद्या व्यापाऱ्याची मर्जी, आईनं विकलेली पाटली, पेठेतल्या मंडळींनी काढलेली वर्गणी. आणि ठोकळे दुसऱ्या खेळाडूला देता येतील. ज्याच्याकडे उमज आहे आणि पाठबळ नाही, त्याच्यासाठी टेबलावरचा दुसरा कोणीतरी आपलं शिकणं त्या आठवड्यापुरतं थांबवू शकतो.

नवखी

वन-शॉटमध्ये शिकण्याचा फासाच नसतो, मग पाठबळाचं काय करायचं?

फासेवाला

तिथे एक ठोकळा देऊन पडलेले फासे एकदा परत टाकायचे. पण कुणाच्या पाठबळावर ते मोठ्यानं सांगायचं, त्या माणसाचा गोष्टीत एकदा तरी उल्लेख यायला हवा.

गंगावेस काका, एक काम सांगू का? पैलवानाच्या पानावर डावांची यादी द्यायचीय आणि प्रत्येकासमोर तो कशाने सुटतो ते. माझ्याकडे एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, घिस्सा, लपेट, कलाजंग, धोबीपछाड एवढे आहेत.

गंगावेस

निकाल, मोळी, बांगडी, गदालोट, भारंदाज, हप्ता आणि पोकळ घिस्सा राहिलेत. पोकळ घिस्सा वेगळा लिही, घिश्शात घालू नकोस. कोणता कशानं सुटतो ते लिहून सांगण्यासारखं नाही, जागेवर बदलतंय. रविवारी मुलाबरोबर येतो. सतरंजी टाकून ठेव, दाखवतो.